अकरावा चमचा

किंचाओ बेटावर आमची शाळा. एक खोली,
एक लाकडाची शेगडी, अकरा मुलं,
आणि खिडकीत समुद्र: दिवसातून दोनदा येतो,
दोनदा न सांगता निघून जातो.

त्या हिवाळ्यात मी तरंगणं शिकवत होते.
दोन बरण्या. एकीत साधं पाणी, एकीत मिठाचं.
बटाटा एकच, जांभळ्या सालीचा, चिग्वायांच्या वावरातला.
इथे बुडायचा. तिथे तरंगायचा.
"का?"
"मीठ असलं की तरंगतो, बाई!"
सोमवारी म्हणाले. बुधवारी म्हणाले.
तिसऱ्या आठवड्यात झोपेतून उठवलं असतं
तरी म्हणाले असते.
मी हिरव्या शाईने प्रत्येकापुढे लिहिलं:
समजलं. समजलं. समजलं.
एलियेसेर तर बरणीकडे बघतही नसे,
माझ्या भुवया बघून उत्तर द्यायचा.

एदेल्मिरा चिग्वाय तेवढी मागे. सात वर्षांची, नाक कायम गळणारं.
मधल्या सुट्टीत तिने खिशात काहीतरी कोंबलेलं मी पाहिलं,
मला वाटलं, पाव.
परत आली ती कोपरापर्यंत भिजून.
"बुडाला," म्हणाली.
"कोण?"
"बटाटा. समुद्रात. आणि समुद्र खारट आहे,
मी चाटून बघितलाय.
तुम्ही खोटं सांगितलं."

वर्गात शेगडीतलं लाकूड तडतडलं तेवढंच.
दहा वर्षं मी तो समुद्र बघत होते
आणि त्यात एकदाही बटाटा टाकला नव्हता.

दुपारी बाकीच्यांना चित्रं काढायला बसवलं.
अर्धा लिटर पाणी, एक चमचा, मिठाची पिशवी,
आणि ती.
पहिला चमचा. ढवळ. थांब. तळाशीच.
चौथा. तळाशीच. बोट बुडवून चाखलं:
"झाला समुद्र."
हट्टाने पुढे. सातवा. तोंड वाकडं.
दहाव्याला बटाटा हलला,
कोणीतरी हाक मारल्यावर झोपेत मान वळवावी तसा.
अकरावा चमचा तिने निम्माच भरला,
का कोण जाणे, श्वास धरून टाकला,
आणि बटाटा उठला,
आणि अध्येमध्येच थांबला.
ना वर ना खाली.
बरणीच्या मधोमध, कशालाही न टेकता.

ती बराच वेळ बोलली नाही.
मीही नाही. घनता हा शब्द जिभेवर आला होता,
गिळला.
खिडकीबाहेर ओहोटी लागली, होड्या चिखलावर कलंडल्या.
मग ती बरणीलाच सांगावं तसं म्हणाली,
"पाणी आता बटाट्याएवढं झालंय."

नोव्हेंबरात कास्त्रोहून तपासनीस आले, कागद घेऊन.
मिठाच्या पाण्यात बटाटा: तरंगतो की बुडतो?
दहा मुलांनी बरोबर खूण केली.
एदेल्मिराने दोन्ही चौकोन रिकामे ठेवले
आणि समासात, वाकड्या अक्षरात, लिहिलं:
किती मीठ?
साहेबांनी शून्य दिलं. सभ्य गृहस्थ,
मला समजावून सांगत होते, काही मुलांना वेळ लागतो.
मी चहा ओतत होते. म्हटलं, हो, लागतो.

पण हेही लिहून ठेवते, नाहीतर गोष्ट फारच गुळगुळीत होईल:
दुसऱ्याच दिवशी ती किनाऱ्यावरचा गोटा घेऊन आली.
अंड्याएवढा, काळा.
"याला जास्त चमचे लागतील ना?"
मी नाही म्हणू शकले असते.
पंधरा. वीस. एकतिसाव्या चमच्यापाशी
मीठ विरघळेना. ढवळून ढवळून तिचा हात दुखला.
पांढरा थर साचत गेला तळाशी,
आणि गोटा त्या गादीवर निवांत बसला.
"पाणी नको म्हणतंय," ती म्हणाली, चिडून,
पण डोळे बरणीवरून हलेनात.

घंटा द्यायची वेळ टळून गेली होती.
पिशवीत तळाला थोडं मीठ उरलं होतं,
रविवारच्या मासळीपुरतं.
तिने पिशवीकडे बघितलं. मग माझ्याकडे.
मी भुवया हलवल्या नाहीत.